शुभवर्तमानांचा काळ त्यांतील भाकितांवरून कसा ठरवावा : नव्या अभ्यासकांसाठी

मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार ग्रंथांपैकी एकाच्या, तेराव्या अध्यायात येशू यरुशलेमच्या मंदिरातून बाहेर पडत असताना एक शिष्य तेथील प्रचंड दगडांकडे आणि इमारतींकडे त्याचे लक्ष वेधतो. त्यावर, येथे दगडावर दगड राहणार नाही, असे उत्तर त्याला मिळते. प्रसंग साधारणपणे इ. स. ३० च्या सुमाराचा आहे. रोमन सैन्याने ते मंदिर इ. स. ७० मध्ये जाळले आणि पाडले. चारही शुभवर्तमानांत लेखनाची तारीख कोठेही दिलेली नाही, त्यामुळे हे ग्रंथ केव्हा लिहिले गेले याचा शोध घेणाऱ्याला या वाक्यापाशी थांबावेच लागते. ते लिहिले गेले तेव्हा मंदिर उभे होते की पडले होते?

या प्रश्नाची दोन उत्तरे घाईने दिली जातात. भविष्य कोणालाच आधी कळत नाही, तेव्हा मजकूर ७० नंतरचाच, असे एक पक्ष म्हणतो. येशूने सांगितले ते पुढे खरे झाले, तेव्हा मजकूर आधीचाच, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही उत्तरे मजकूर न वाचताही देता येतात, हीच त्यांची उणीव आहे. भाकीत घटनेशी जुळते एवढ्यावरून काळ ठरत नाही. ते नेमके कोठे जुळते, कोठे जुळत नाही, आणि एकाच भाकिताचे शब्द एका लेखकाकडून दुसऱ्याकडे जाताना कसे बदलतात, हे पाहिल्यावरच काळाविषयी काही म्हणता येते. पुढील पायऱ्या त्या क्रमाने दिल्या आहेत.

पायरी १ : तीन काळ वेगळे ठेवावेत

उक्तीचा काळ, ती ज्या तोंडी किंवा लेखी परंपरेतून आली त्या परंपरेचा काळ, आणि आज आपल्या हाती असलेल्या ग्रंथाच्या लेखनाचा काळ हे तीन निरनिराळे काळ आहेत. येशू मंदिराविरुद्ध ३० च्या सुमारास बोलला असणे, ते बोलणे दहा-वीस वर्षांनी एखाद्या संग्रहात आले असणे आणि मार्कने ते ७० च्या आसपास आपल्या ग्रंथात गुंफले असणे, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

याचा पडताळा मार्कमध्येच मिळतो. मार्क १४:५७-५८ मध्ये काही जण येशूविरुद्ध साक्ष देतात की, हाताने बांधलेले हे मंदिर मी मोडीन आणि तीन दिवसांत दुसरे उभारीन, असे तो म्हणाला. मार्क ही साक्ष खोटी ठरवतो. मार्क १५:२९ मध्ये वाटेने जाणारे लोक क्रुसावरील येशूला हाच टोमणा मारतात. योहान २:१९-२१ मध्ये मात्र मंदिर मोडण्याचे आणि तीन दिवसांत उभारण्याचे हे बोलणे खुद्द येशूच्याच तोंडी आहे, आणि मंदिर म्हणजे त्याचे शरीर असा खुलासा लेखक लगेच जोडतो. ज्या उक्तीचा एक लेखक इन्कार करतो आणि जिचा दुसरा लेखक वेगळा अर्थ लावून देतो, ती त्या दोघांनी रचली असण्याचा संभव फार कमी आहे. ती आधीपासून लोकांच्या तोंडी असली पाहिजे. म्हणून मंदिराविषयीची मूळ उक्ती जुनी मानणे आणि ग्रंथ ७० च्या आसपासचा मानणे यांत विसंगती नाही. हे येथे आवर्जून सांगण्याचे कारण असे की, ग्रंथाचा काळ पुढे सरकला की येशूची उक्ती खोटी ठरते, या भीतीने अनेक श्रद्धावान वाचक हा अभ्यास सुरूच करत नाहीत. ती भीती निराधार आहे.

पायरी २ : भाकीत वाचण्यापूर्वी घटनांची नोंद करावी

भाकीत समोर ठेवून इतिहास वाचला की जुळणाऱ्या गोष्टी तेवढ्या डोळ्यांत भरतात. म्हणून आधी इतिहास स्वतंत्रपणे लिहून काढावा. मुख्य साधन योसेफस हा यहुदी इतिहासकार आहे. रोमन सत्तेविरुद्धच्या यहुदी बंडाच्या सुरुवातीला तो उत्तरेकडील गालील प्रांतात सेनानी होता, ६७ मध्ये रोमनांना शरण गेला आणि यरुशलेमच्या वेढ्याच्या वेळी रोमन छावणीत होता. युद्धाचा त्याचा वृत्तांत ७० च्या दशकातला आहे. तो आपल्या रोमन आश्रयदात्यांची बाजू राखून लिहितो, हे विसरू नये. तरी तारखा आणि स्थळे यांसाठी त्याच्याइतके तपशीलवार दुसरे साधन नाही.

वहीत निदान एवढे टिपावे. ६६ मध्ये बंड पेटले. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत सीरियाचा सुभेदार सेस्टियस गॅलस यरुशलेमवर चालून आला आणि शहर हाती येण्याच्या बेतात असताना अनपेक्षितपणे माघारी फिरला. ६७ मध्ये वेस्पासियनने गालील जिंकले. त्यानंतरच्या काळात झेलोट नावाच्या जहाल गटाने मंदिराचाच किल्ला केला आणि तेथे रक्त सांडले. ६८ च्या जूनमध्ये नीरोने आत्महत्या केली, ६९ मध्ये वेस्पासियन सम्राट झाला आणि त्याचा मुलगा टायटस याने ७० च्या वसंत ऋतूत, वल्हांडण सणाच्या सुमारास, शहराला वेढा घातला. टायटसने शहराभोवती ३९ स्टेडिया, म्हणजे सुमारे सात किलोमीटर लांबीची भिंत तीन दिवसांत उभी केली असे योसेफस सांगतो. शहरात उपासमार झाली आणि बंडखोरांचे गट आपसांत लढत राहिले. ऑगस्टमध्ये मंदिर जळाले. सैनिकांनी आपली निशाणे मंदिराच्या अंगणात आणून त्यांच्यापुढे यज्ञ केले. सप्टेंबरपर्यंत संपूर्ण शहर पडले. त्यानंतर टायटसने तीन बुरूज आणि पश्चिमेकडील तटाचा काही भाग राखून बाकी सारे जमीनदोस्त करण्याची आज्ञा दिली. मंदिराच्या चौथऱ्याची आधारभिंत मात्र अंशतः उरली. तिचाच पश्चिमेकडील भाग आजही प्रार्थनास्थळ आहे, आणि वरून ढकललेल्या दगडांचे ढीग तिच्या पायथ्याशी उत्खननात सापडले आहेत.

आणखी एक प्रकरण वेगळ्या पानावर लिहावे. इ. स. ३९ ते ४१ या काळात सम्राट कॅलिगुलाने आपला पुतळा यरुशलेमच्या मंदिरात बसवण्याचा हुकूम सोडला होता. सीरियाचा सुभेदार पेट्रोनियस याने चालढकल केली आणि तेवढ्यात सम्राटाचा खून झाल्याने हा प्रसंग टळला. हे प्रकरण सहाव्या पायरीवर लागेल.

पायरी ३ : उत्तर बहुतांशी ठरलेल्या मजकुरावर हात बसवावा

शुभवर्तमानांकडे जाण्यापूर्वी दानिएलाच्या पुस्तकाचा अकरावा अध्याय वाचावा. पुस्तकाची पार्श्वभूमी इ. स. पू. सहाव्या शतकातील बाबेलच्या बंदिवासाची आहे, पण या अध्यायात ईजिप्तचे टॉलेमी आणि सीरियाचे सेल्युकीड राजे यांच्या सुमारे दीड शतकाच्या लढाया आणि सोयरिकी इतक्या बारकाईने येतात की त्यातील बहुतेक राजा नावानिशी ओळखता येतो. इ. स. पू. १६७ मध्ये अँटिओकस एपिफेनीस याने यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले, तेथपर्यंत वर्णन जुळत जाते. मग तो राजा समुद्र आणि पवित्र पर्वत यांच्यामध्ये तंबू ठोकील आणि तेथे त्याचा अंत होईल, असे येते. प्रत्यक्षात तो इ. स. पू. १६४ मध्ये इराणच्या बाजूला मेला. अचूकता जेथे संपते तेथे लेखकाचा वर्तमानकाळ असतो, हे तत्त्व तिसऱ्या शतकात पॉर्फिरी या ख्रिस्ती-विरोधी तत्त्वज्ञाने मांडले आणि ते खोडून काढण्यासाठी जेरोम या ख्रिस्ती पंडिताने त्याचे मुद्दे नोंदवले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. परंपरानिष्ठ अभ्यासक अजूनही ते मानत नाहीत, पण बहुसंख्य अभ्यासक पुस्तकाला इ. स. पू. १६७ ते १६४ हाच काळ देतात. घटनेनंतर लिहिलेल्या अशा भाकिताला 'व्हॅटिसिनियम एक्स इव्हेंतू' हे लॅटिन नाव रूढ आहे.

मराठी वाचकाला ही रीत अगदी अनोळखी नाही. वायू, मत्स्य, विष्णू आदी पुराणांत कलियुगातील राजवंश भविष्यकाळी क्रियापदांनी सांगितले आहेत : नंद, मौर्य, शुंग, काण्व, आणि पुराणे ज्यांना आंध्र म्हणतात ते आपले पैठणचे सातवाहन. वायुपुराणात गुप्तांचे राज्य गंगेकाठी प्रयाग, साकेत आणि मगध एवढ्यापुरतेच सांगितले आहे, समुद्रगुप्ताच्या विस्ताराचा तेथे पत्ता नाही. यावरून तो भाग चौथ्या शतकाच्या आरंभीचा असावा, असा तर्क इतिहासकारांनी केला. पद्धत तीच आहे.

पायरी ४ : तीन शुभवर्तमाने शेजारी शेजारी ठेवावीत

बहुसंख्य अभ्यासकांच्या मते मार्क सर्वांत जुने असून मत्तय आणि लूक यांनी ते समोर ठेवून लिहिले. म्हणून तीन स्तंभ आखावेत आणि मार्क १३, मत्तय २४ व लूक २१ एकेका वचनाने उतरवावेत. हे काम हातानेच करावे. नुसते वाचून फरक लक्षात राहत नाहीत.

मार्क १३:१४ मध्ये ओसाडी आणणारी अमंगल गोष्ट 'जेथे असू नये तेथे' उभी असल्याचे दिसले की यहुदियातल्यांनी डोंगरांकडे पळावे असे म्हटले असून, वाचकाने हे समजून घ्यावे अशी सूचना लेखकाने मध्येच दिली आहे. मत्तय २४:१५ मध्ये हीच गोष्ट दानिएल संदेष्ट्याचे नाव घेऊन आणि 'पवित्र स्थानी' असे स्पष्ट करून येते. लूक २१:२० मध्ये मात्र अमंगल गोष्ट नाहीशी झाली आहे. तिच्या जागी, यरुशलेमला सैन्यांनी वेढलेले पाहाल तेव्हा ते ओसाड होण्याची वेळ आली आहे हे ओळखा, असे वाक्य आहे. लूकमध्ये आणखी दोन भर आहेत. १९:४३-४४ मध्ये शत्रू भोवती मेढेकोट उभारतील, चहूकडून कोंडतील आणि दगडावर दगड ठेवणार नाहीत असे येशू रडत सांगतो. २१:२४ मध्ये लोक तलवारीने पडतील, बंदी करून राष्ट्रांराष्ट्रांत नेले जातील आणि परराष्ट्रीयांचा काळ पुरा होईपर्यंत यरुशलेम त्यांच्या पायांखाली राहील, असे येते. उलट, हे हिवाळ्यात होऊ नये अशी प्रार्थना करा, हे मार्क १३:१८ मधले वाक्य लूकने गाळले आहे. मत्तयने ते ठेवून त्यात शब्बाथाची, म्हणजे यहुद्यांच्या साप्ताहिक विश्रांतिदिवसाची, भर घातली आहे.

वेढा वसंतापासून उन्हाळ्याअखेरपर्यंत चालला, हे दुसऱ्या पायरीच्या नोंदीत आहेच. ते पाहिले की लूकचे गाळणे आणि लूकचे घालणे एकाच दिशेला जाते.

पायरी ५ : प्रत्येक तपशिलाला विचारावे की हे आधी सांगता आले असते का

येथे नवे अभ्यासक सर्वाधिक घसरतात. वेढा, मेढेकोट, तलवार, बंदिवास हे शब्द दिसताच टायटस आठवतो. पण यरुशलेम आधी एकदा, इ. स. पू. ५८७-५८६ मध्ये, बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या हातून असेच पडले होते आणि त्या विध्वंसाची भाषा प्रत्येक यहुद्याच्या कानांत होती. सी. एच. डॉड या ब्रिटिश अभ्यासकाने १९४७ मध्ये दाखवून दिले की लूकचे हे शब्द जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातील वर्णनांत आढळतात, आणि उपासमार, गटांची आपसांतली कत्तल, मंदिराची आग अशा टायटसच्या वेढ्याच्या खास खुणा लूकमध्ये नाहीत. ही हरकत वजनदार आहे.

शिवाय मंदिराचा नाश भाकित करणे त्या समाजात नवे नव्हते. मीखा आणि यिर्मया या जुन्या संदेष्ट्यांनी ते केले होते. मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन हस्तलिखित गुंडाळ्यांपैकी हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकावरील भाष्यात, यरुशलेमच्या शेवटच्या याजकांची संपत्ती कित्तीमांच्या, म्हणजे बहुधा रोमनांच्या, सैन्याच्या हाती पडेल असे म्हटले आहे, आणि ते भाष्य ७० च्या बरेच आधीचे आहे. योसेफसने अनन्याच्या मुलाची, येशू नावाच्याच एका खेडुताची, हकीकत दिली आहे : युद्धाच्या चार वर्षे आधी, ६२ मध्ये, मंडपांच्या सणात त्याने शहराविरुद्ध आणि मंदिराविरुद्ध आक्रोश सुरू केला, रोमन अधिकारी अल्बिनसने फटके मारूनही तो थांबला नाही, आणि सात वर्षे पाच महिन्यांनी वेढ्यात यंत्रातून सुटलेला दगड लागून तो मेला. अशी माणसे होती, तर 'दगडावर दगड राहणार नाही' हे वाक्य एकटे काळ ठरवू शकत नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

मग लूकबाबत काय राहते? माझ्या मते, शब्दांचे मूळ जुने असले तरी निवड नवी आहे. समोर असलेले मार्कचे गूढ वाक्य काढून त्या नेमक्या जागी सैन्याचा वेढा आणणे, आणि पडझडीनंतर परकीयांच्या ताब्याचा एक लांब, न मोजलेला काळ घालणे, याची गरज पडझड होऊन काही वर्षे गेलेल्या लेखकाला अधिक भासते. डॉडचे उत्तर असे होते की लूकला हे वेगळ्या जुन्या साधनातून मिळाले. ते शक्य आहे, पण त्यासाठी न सापडलेले साधन गृहीत धरावे लागते.

पायरी ६ : न जुळणारे तपशील जुळणाऱ्यांपेक्षा जपून पाहावेत

मार्कमध्ये आगीचा उल्लेख नाही, हिवाळ्याची भीती आहे आणि पळून जाण्याचा इशारा अमंगल गोष्ट दिसल्यावर आहे. आता रोमन निशाणे मंदिरात आली तो क्षण डोळ्यांपुढे आणावा : शहर महिनोन्‌महिने कोंडलेले, भोवती भिंत, आणि आत शत्रू. त्या क्षणी डोंगरांकडे पळण्याचा सल्ला निरुपयोगी आहे. म्हणून मार्क १३:१४ हे ऑगस्ट ७० पाहून रचलेले वाक्य वाटत नाही. काही अभ्यासक, विशेषतः गेर्ड टायसन, त्याचे मूळ कॅलिगुलाच्या पुतळ्याच्या प्रकरणात शोधतात. काहींना त्यात ६७-६८ च्या हिवाळ्यात मंदिर बळकावणारे झेलोट दिसतात. दोन्ही मतांत पहिल्या पायरीवरील भेद कामी येतो, कारण वाक्य ४० मधले असले तरी ग्रंथ ४० मधला ठरत नाही. वाचकाला मध्येच हाक मारणारी सूचना मात्र सांगते की लेखनाच्या वेळी हा विषय जिव्हाळ्याचा होता.

न घडलेल्या गोष्टीही येथेच तपासाव्यात. मार्क १३:२४ मध्ये त्या संकटानंतर सूर्य अंधारेल आणि मनुष्याचा पुत्र येईल असे आहे. मत्तय २४:२९ मध्ये ते संकटानंतर 'लगेच' होईल असे आहे. लूकने मध्ये परराष्ट्रीयांचा काळ घातला आहे. दानिएलाचा नियम लावला तर मार्क संकटाच्या ऐन काळात किंवा लगतच बसतो आणि लूक बराच नंतर. मत्तयचा 'लगेच' हा शब्द मात्र त्याला ८०-९० मध्ये ठेवणाऱ्यांना खरोखर अडचणीचा आहे, आणि ती अडचण झाकू नये.

पायरी ७ : मौनाचा आधार मोजून घ्यावा

१९७६ मध्ये जॉन ए. टी. रॉबिन्सन या अँग्लिकन बिशपाने नव्या कराराची सर्वच पुस्तके ७० च्या आधीची असल्याचा पक्ष मांडला. मंदिराचा नाश ही झालेली घटना म्हणून कोठेही सांगितलेली नाही, हा त्याचा मुख्य मुद्दा होता. त्याला बळ देणारे स्थळ प्रेषितांची कृत्ये या लूकच्याच दुसऱ्या पुस्तकात ११:२८ येथे आहे. तेथे अगब नावाचा संदेष्टा दुष्काळाचे भाकीत करतो आणि तो दुष्काळ रोमन सम्राट क्लौद्याच्या कारकिर्दीत पडला, असे लूक स्वतः जोडतो. मग यरुशलेमबाबत तो तसे का म्हणत नाही? शिवाय हे पुस्तक पौल हा प्रेषित रोममध्ये दोन वर्षे राहिला, म्हणजे साधारण ६२ च्या सुमाराला, थांबते आणि त्याच्या मृत्यूबद्दल काही बोलत नाही.

उलट बाजूही त्याच पुस्तकात आहे. प्रेषितांची कृत्ये २०:२५ मध्ये पौल इफिसच्या वडिलांना सांगतो की तुम्ही माझे तोंड पुन्हा पाहणार नाही. लेखकाला शेवट माहीत असल्याचा हा इशारा वाटतो. येशूच्या काळाची कथा सांगताना चाळीस वर्षे पुढची बातमी न देणे हा कथनाचा संयमही असू शकतो. मौनाला माझ्या वहीत मी अर्धे वजन देतो.

पायरी ८ : मंदिराबाहेरची भाकिते तपासावीत

मत्तय २२:७ हे येथे सर्वांत मोलाचे स्थळ आहे. लग्नाच्या मेजवानीच्या दाखल्यात पाहुणे येत नाहीत आणि निरोप्यांना ठार मारतात. तेव्हा राजा सैन्य पाठवून त्या खुन्यांचा नाश करतो आणि त्यांचे शहर जाळतो. पुढच्याच वाक्यात मेजवानी तयार असल्याचे सांगून तो रस्त्यावरचे लोक बोलावतो. युद्ध होऊन शहर जळेपर्यंत जेवण ताटात तसेच आहे. लूक १४:१५-२४ मधल्या तशाच दाखल्यात हे युद्ध नाही आणि कथा सलग वाहते. मत्तयमधील हा जोड ७० नंतरचा असावा असे बहुसंख्य अभ्यासकांचे मत आहे आणि ते मला पटते. ज्यांना हीही जुन्या कराराची ठरीव भाषा वाटते, त्यांना कथेतील हा खंड समजावून द्यावा लागतो.

मार्क १०:३९ मध्ये याकोब आणि योहान हे दोन शिष्य येशूचाच प्याला पितील, म्हणजे त्याच्यासारखेच दुःख भोगतील, असे येशू सांगतो. याकोबाला हेरोद अग्रिप्पाने ४४ च्या सुमारास मारले, पण योहानाच्या मृत्यूची माहिती तितकी पक्की नाही. त्यामुळे येथून फारसे हाती लागत नाही. योहान २१:१८-२३ अधिक उपयोगी आहे. येशूचा शिष्य पेत्र याच्या मरणाचे सूचन झाल्यावर लेखक त्याचा अर्थ स्वतः उलगडून सांगतो, आणि लाडका शिष्य मरणार नाही अशी बंधुवर्गात पसरलेली समजूत दुरुस्त करतो. असा खुलासा तो शिष्य गेल्यावर किंवा जाण्याच्या बेतात असतानाच लागतो.

पायरी ९ : बाहेरच्या मर्यादा लावून निष्कर्ष लिहावा

सुमारे १८० मध्ये इरेनियस हा बिशप लिहितो की पेत्र आणि पौल यांच्या प्रयाणानंतर मार्कने पेत्राचा उपदेश लिहून दिला. पेत्राचा मृत्यू नीरोच्या काळातला मानला जातो. मँचेस्टरमध्ये असलेला योहानाच्या अठराव्या अध्यायाचा पपायरसचा तुकडा १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला मानला गेला; आज अनेक तज्ज्ञ दुसरे शतक संपेपर्यंतची मुभा ठेवतात, तेव्हा त्यावर फार भार देऊ नये.

निष्कर्ष नेहमी काळाच्या पट्ट्यात लिहावा आणि प्रत्येक टोकाला कारण जोडावे. माझी नोंद अशी आहे. मार्क : ६६ ते ७५, खालच्या टोकाला युद्धाची धग आणि इरेनियसचा उल्लेख, वरच्या टोकाला अमंगल गोष्टीचे न सुटलेले गूढ. मत्तय : ७० नंतर, बहुधा ९० पर्यंत, आधार २२:७ आणि मार्कचा वापर, विरोधात 'लगेच'. लूक : ७५ ते ९५, आणि लूकने योसेफसचा ९३-९४ मधला दुसरा ग्रंथ वाचला होता असे काही अभ्यासक मानतात ते सिद्ध झाले तर त्याहूनही पुढे. योहानासाठी भाकिते जवळजवळ काहीच देत नाहीत. ११:४८ मध्ये रोमन येऊन आपले स्थान आणि राष्ट्र हिरावून घेतील असे मुख्य याजक व परूशी पंथाचे लोक म्हणतात ते ७० नंतर अधिक बोचते, पण आधीही म्हणता आले असते, म्हणून तेथे ९० ते १०० हा रूढ काळ मी एकविसाव्या अध्यायाच्या आधाराने, पेन्सिलीने लिहितो.